स्वर लागला तेव्हा

घराणे कशाने टिकते? रक्ताने, नावाने, की वाजवण्याच्या रीतीने? हा प्रश्न आपल्याकडे बैठक संपल्यावर पानसुपारीबरोबर निघतो आणि तबक रिकामे होताच मिटतो. तो मला परक्या मुलुखात, आणि तोही रॉक संगीत वाजवणाऱ्या एका मंडळीच्या उतारवयातील ध्वनिमुद्रिकेने नव्याने घातला, असे सांगितले तर पेटीच्या साथीत ज्यांच्याबरोबर जन्म घालवला ते माझे स्नेही हसतील. पण झाले ते असे.

२००३ च्या उन्हाळ्यात मी भाच्याकडे न्यू जर्सीत राहावयास गेलो होतो. एका संध्याकाळी त्याने एक तबकडी लावली. मी वर्तमानपत्र वाचीत बसलो होतो. या जातीच्या संगीताविषयी माझे मत केव्हाच ठरून गेले होते. आणि ठरलेल्या मताचा मोठा लाभ असा की मग ऐकण्याचे कष्ट पडत नाहीत. परंतु थोड्या वेळाने गिटारचा एक स्वर दुसऱ्या स्वराकडे अशा काही रीतीने ओढला गेला की वर्तमानपत्र आपोआप खाली आले. ती सरळसरळ मींड होती.

"हा कोण रे?" मी विचारले.

"डेरेक ट्रक्स. मामा, हा अली अकबर खाँसाहेबांच्या कॅलिफोर्नियातल्या विद्यालयात शिकून आलेला आहे!"

मंडळीचे नाव ऑलमन ब्रदर्स बँड. ध्वनिमुद्रिकेचे नाव 'हिटिन् द नोट'. ती १८ मार्च २००३ रोजी प्रसिद्ध झाली होती, आणि तिचे मुद्रण आम्ही बसलो होतो तेथून जवळच, होबोकन गावी झाले होते. नावाचा अर्थ भाच्याने बराच घोळवून सांगितला. मी म्हटले, "अरे, एवढे कशाला? आपण म्हणतो ना, आज बुवांचा स्वर लागला." या मंडळींच्या बोलण्यात तो शब्दप्रयोग अगदी आरंभापासूनचा, सगळ्यांचे वाजवणे एकजीव झाले म्हणजे ते तसे म्हणत.

हा आरंभ १९६९ च्या मार्च महिन्यातला. स्थळ फ्लॉरिडा राज्यातील जॅक्सनव्हिल. पुढे लवकरच बिऱ्हाड जॉर्जियातील मेकन गावी हलले. मूळपुरुष ड्वेन ऑलमन, वय बावीस. धाकटा भाऊ ग्रेग गाणारा आणि ऑर्गन वाजवणारा. दुसरा गिटारवाला डिकी बेट्स, बास गिटारवर बेरी ओकली, आणि तालाला एक सोडून दोन ड्रमवादक: बुच ट्रक्स आणि जेमो. यांतला जेमो कृष्णवर्णी. वर्णभेदाचे कायदे रद्द होऊन उणीपुरी पाच वर्षे झालेल्या त्या मुलुखात गोऱ्या आणि काळ्या तरुणांनी एका मोटारीतून हिंडावे, एका पंगतीला जेवावे, ही गोष्ट वाटते तितकी साधी नव्हती. या संगीताला पुढे 'सदर्न रॉक' असे नाव पडले. ग्रेगला ते रुचत नसे. रॉक जन्माला आले तेच मुळी दक्षिणेत, मग दक्षिणेचा वेगळा शिक्का कशाला, असे तो म्हणे.

ड्वेनच्या वादनाचे मर्म आपल्या वाचकांना चटकन उमजेल. गिटारला पडदे असतात, म्हणून स्वर पायरीपायरीने चढतो. ड्वेन बोटात काचेची नळी घाली. ही नळी म्हणजे सर्दीच्या गोळ्यांची रिकामी बाटली! ती तारेवरून सरकवली की पायऱ्या नाहीशा होतात आणि स्वरास्वरांमधली जागा बोलू लागते. बेट्सच्या आणि त्याच्या गिटारींनी एकच धून दोन वेगळ्या स्वरांवरून जोडीने म्हणावयाची, ही मंडळीची दुसरी खूण. जाझमधील माइल्स डेव्हिस आणि कोल्ट्रेन ऐकून कान तयार झालेले, म्हणून विस्ताराची भीती नाही. न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट रंगगृहात मार्च १९७१ मध्ये जे मुद्रण झाले, त्यातले शेवटचे गाणे तेवीस मिनिटांचे आहे.

ते मुद्रण जुलैत बाहेर पडले, कीर्ती दाराशी आली, आणि २९ ऑक्टोबर १९७१ रोजी मेकनमध्ये मोटारसायकलच्या अपघातात ड्वेन गेला. वय चोवीस. पुढल्या वर्षी ११ नोव्हेंबरला त्याच गावात, त्या जागेपासून जवळच, तशाच अपघातात ओकली गेला. वय तेही चोवीसच. दोघे तेथल्या रोझ हिल दफनभूमीत शेजारी शेजारी आहेत.

येथे कोणतीही मंडळी मोडली असती. ही मोडली नाही याचे पुष्कळसे श्रेय डिकी बेट्सकडे जाते. १९७३ च्या 'ब्रदर्स अँड सिस्टर्स' या ध्वनिमुद्रिकेतले त्याचे 'रॅम्बलिन् मॅन' हे गाणे अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले. पुढची हकीगत मात्र वैभव आणि व्यसन यांच्या नेहमीच्या वाटेने जाते. ती मी भराभर सांगतो. १९७६ मध्ये ताटातूट, १९७८ मध्ये पुन्हा जुळणी, १९८२ मध्ये पुन्हा फाटाफूट. १९८९ मध्ये वॉरन हेन्स हा नवा गिटारवादक आणि ॲलन वुडी हा बासवादक यांच्यासह मंडळी परत उभी राहिली आणि तीन चांगल्या ध्वनिमुद्रिका झाल्या. तिसरी १९९४ ची. नंतर नऊ वर्षे नवी एकही नाही.

२००० सालच्या मे महिन्यात ग्रेग, बुच आणि जेमो या तिघांनी बेट्सला फॅक्सने पत्र पाठवले. त्या उन्हाळ्याच्या दौऱ्यातून त्याला वगळले होते. त्याच्या वागण्याविषयी आणि वाजवण्याविषयी त्यांच्या तक्रारी होत्या; त्याला त्या मान्य नव्हत्या. प्रकरण वकिलांकडे गेले. एकतीस वर्षांचा सोबती मंडळीत पुन्हा कधी वाजवावयास आला नाही.

भाच्याने हे सांगितले तेव्हा मी गप्प झालो. आमच्या गावीही एक संगीत मंडळ होते. ज्या बुवांनी ते काढले त्यांच्या पश्चात त्यांच्या सर्वांत जुन्या तबलजीला आम्ही असेच पत्राने कळवले. तो पीत असे, बैठकीला उशिरा येत असे, लय सांडत असे. तक्रारी खोट्या नव्हत्या. पत्राखाली पाच सह्या होत्या, तिसरी माझी. पत्र आम्ही टपालाने धाडले, कारण त्याचे घर दोनच गल्ल्या पलीकडे होते आणि तेवढे चालत जाण्याचे धैर्य पाचांपैकी एकाच्याही अंगी नव्हते. त्यानंतर आमच्या बैठका अधिक रंगू लागल्या. अवघड गोष्ट आहे ती हीच.

'हिटिन् द नोट' ऐकतानाही तीच अडचण उभी राहते. बेट्सवाचून झालेली मंडळीची ही एकमेव स्टुडिओ ध्वनिमुद्रिका, आणि ती फिकी पडली असती तर न्याय झाला असे म्हणून मोकळे होता आले असते. ती फिकी नाही. हेन्स १९९७ मध्ये वुडीसह मंडळी सोडून गेला होता. ऑगस्ट २००० मध्ये वुडी वारला आणि पुढल्या वर्षी हेन्स परतला. त्याच्या जोडीला बुचचा पुतण्या डेरेक. डेरेकचा जन्म १९७९ चा, म्हणजे ड्वेनच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी. ज्या 'डेरेक अँड द डॉमिनोज' मंडळीच्या ध्वनिमुद्रिकेत ड्वेनने वाजवले होते, तिच्यावरून आईबापांनी त्याचे नाव ठेवलेले. नवव्या वर्षी त्याने पाच डॉलरची जुनी गिटार घेतली. पुढे बोटात तशीच काचेची नळी आली.

ग्रेग तेव्हा पंचावन्न वर्षांचा. व्यसनातून तो सावरला होता, पण त्याची किंमत आवाजात ऐकू येते. 'हाय कॉस्ट ऑफ लो लिव्हिंग' आणि 'ओल्ड बिफोर माय टाइम' ही गाण्यांची नावेच पाहा. पहिल्यात हलक्या जगण्याचे भारी मोल आणि दुसऱ्यात वेळेआधी आलेले म्हातारपण. 'डेस्डेमोना' संथपणे सुरू होते आणि मध्येच जाझच्या वाटेला लागून परत घरी येते. 'इन्स्ट्रुमेंटल इलनेस' हे शब्दांवाचूनचे बारा मिनिटांचे वादन ग्रॅमीच्या नामांकनापर्यंत पोचले.

परंतु मला खिळवून ठेवले ते अकराव्या, शेवटच्या गाण्याने. नाव 'ओल्ड फ्रेंड'. त्यात ऑर्गन नाही, ड्रम नाहीत. हेन्स आणि डेरेक, दोन साध्या गिटारी आणि हेन्सचे गाणे. म्हणजे या मंडळीच्या शेवटच्या स्टुडिओ ध्वनिमुद्रिकेच्या शेवटच्या गाण्यात १९६९ च्या सहांपैकी एकही माणूस वाजवीत नाही! ड्वेन मातीत, ओकली मातीत, बेट्स दाराबाहेर, आणि उरलेले तिघे मुकाट्याने बाजूला बसलेले. तरीही ऐकणारा क्षणभरसुद्धा म्हणणार नाही की हे घराणे वेगळे आहे. माझ्या प्रश्नाचे उत्तर मला तेथे मिळाले. रक्त असेल तर बरे, नाव असेल तर सोयीचे; टिकते ती रीत. आणि जुन्या जाणत्यांचे मोठेपण यात की एका गाण्यापुरती का होईना, त्यांनी जागा मोकळी केली.

ही मंडळी शेवटची वाजली ती न्यूयॉर्कच्या बीकन रंगगृहात, २८ ऑक्टोबर २०१४ च्या रात्री. मध्यरात्र उलटून २९ तारीख, ड्वेनची पुण्यतिथी, लागल्यावर कार्यक्रम संपला. आणि संपला तो १९६९ मध्ये सगळ्यांनी प्रथम एकत्र वाजवलेल्या गाण्याने. २०१७ च्या जानेवारीत बुच गेला, मे महिन्यात ग्रेग. ग्रेगला त्याच रोझ हिलमध्ये भावाजवळ ठेवले. त्या दिवशी मेकनला डिकी बेट्स आला होता. २०२४ च्या एप्रिलमध्ये तोही गेला, आणि सहांतला जेमो तेवढा मागे राहिला.

बेट्स तेथे गेला हे वाचले त्या दिवशी मी ती तबकडी पुन्हा लावली. रीत टिकली म्हणून माणूस गमावल्याचा हिशेब फिटत नाही, एवढे मला आता कळते. ज्याला पत्र मिळाले तो चालत गेला. आमचा तबलजी वारला तेव्हा मी गावातच होतो, आणि अंतर तेच होते: दोन गल्ल्या.