पेंढाऱ्यांविरुद्धची मोहीम आणि कोरेगाव

कोरेगाव भीमा येथील १ जानेवारी १८१८ ची लढाई ज्या इंग्रज-मराठा युद्धात झाली, त्याचे मूळ पेंढाऱ्यांच्या बंदोबस्तात आहे. पेंढारी म्हणजे मराठी फौजांमागून चालणारे बिनपगारी स्वार. लुटीवर जगायचे आणि त्याबद्दल सरकारात पालपट्टी भरायची, हा त्यांचा रिवाज. त्यांत हिंदूही होते, मुसलमानही. शिंदे-होळकरांचा वचक ओसरल्यावर चितू, करीमखान, वासिल महंमद यांच्या टोळ्या नर्मदेच्या खोऱ्यात मोकाट झाल्या. १८१६ मध्ये पूर्व किनाऱ्यावरील ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखात त्यांनी बारा दिवसांच्या आत ३३९ गावे लुटली. १८२ माणसे मारली गेली आणि ३,६०३ जणांचा छळ झाला. सगळ्यात जास्त सोसले ते खेड्यांतल्या रयतेने.

एका राज्यात लूट करून टोळ्या दुसऱ्याच्या हद्दीत शिरत. त्यामुळे गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जने १८१७ मध्ये लाखाहून मोठी फौज उभी केली आणि शेजारच्या राज्यांनाही मोहिमेत घेतले. निजाम व म्हैसूरच्या तुकड्या दख्खनच्या फौजेत आल्या. कोट्याचा जालिमसिंग आणि भोपाळचा नवाब कंपनीच्या बाजूला राहिले. दौलतराव शिंद्यांनी मात्र ५ नोव्हेंबरला ग्वाल्हेरचा तह केला तो इंग्रज फौजांच्या दडपणाखाली. बरोबरीच्या राज्यांची ही एकजूट नव्हती.

पुण्याच्या दरबारात या मोहिमेचा वेगळाच परिणाम झाला. ऑगस्टमध्ये कंपनीचा अधिकारी माल्कम याने माहुलीला पेशवा दुसऱ्या बाजीरावाची भेट घेऊन पेंढाऱ्यांविरुद्ध फौज वाढवण्यास सुचवले. इंग्रजांशी झालेल्या जूनच्या तहात मुलूख गमावून दुखावलेल्या बाजीरावाला आयतेच निमित्त मिळाले. भरती पेंढाऱ्यांच्या नावाने झाली, पण शिंद्यांचा तह झाला त्याच दिवशी पेशव्यांची फौज खडकीला इंग्रजांवर चालून गेली.

पुढे पुण्यातील इंग्रज फौजेच्या मदतीला शिरूरच्या छावणीतून निघालेली कॅप्टन स्टाँटनची सुमारे आठशेंची तुकडी कोरेगावात पेशव्यांच्या फौजेसमोर अडकली. मुंबईच्या पायदळातील शिपाई, त्यांत अनेक महार, पाण्यावाचून दिवसभर गावाच्या गल्ल्यांत लढले. सुमारे २७५ जण मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. इंग्रजांच्या जनरल स्मिथची फौज जवळ येत असल्याने पेशवे दक्षिणेकडे निघाले आणि स्टाँटन शिरूरला परतला. कोरेगावातील स्मारकस्तंभाची पायाभरणी १८२१ मध्ये झाली.

करीमखान फेब्रुवारी १८१८ मध्ये शरण आला. चितूला पुढच्या वर्षी जंगलात वाघाने मारले. पेंढाऱ्यांची लूट थांबली, पण मोहिमेत सामील झालेल्या काही राज्यांचे स्वातंत्र्यही तिच्यासोबत गेले. ३ जून १८१८ रोजी बाजीराव माल्कमच्याच स्वाधीन झाला.