फुटलेला पाट आणि नवी नळी

वाचकहो, विहिरीला पाणी भरपूर आहे, पण मधला पाट फुटला, तर पीक वाळून जाते. दोष पाण्याचा नसतो, वाटेचा असतो. मानेजवळ मज्जारज्जू तुटलेल्या माणसाचे असेच होते. हात उचलण्याचा हुकूम मेंदू सोडतो. परंतु तो हातापर्यंत पोचतच नाही.

हा हुकूम विजेच्या रूपाने धावतो, हे कळायला पुष्कळ काळ लागला. इटलीतील बोलोन्या शहरी गॅल्व्हानी याने बेडकाच्या तंगड्यांवर प्रयोग केले आणि ते १७९१ साली प्रसिद्ध केले. १८७० साली फ्रिट्श आणि हिट्झिग या जर्मन डॉक्टरांनी कुत्र्याच्या मेंदूला ठराविक जागी सौम्य वीज लावून त्याचे पाय हलवून दाखविले. १९२४ साली येना येथे हान्स बर्गर याने माणसाच्या मेंदूतील विजेच्या लहरी टिपल्या. मेंदूला सांगता येते, तसे त्याचे ऐकताही येते, हे असे सिद्ध झाले.

आता २००४ सालाकडे या. मॅथ्यू नेगल हा अमेरिकन तरुण २००१ साली सुरीहल्ल्यात मानेखाली लुळा झाला होता. ब्राउन विद्यापीठाचे जॉन डॉनह्यू आणि त्यांचे सहकारी यांच्या प्रयोगात त्याच्या मेंदूच्या हालचाली घडविणाऱ्या भागावर चार मिलिमीटर लांबीरुंदीची चिप बसविली गेली. तिच्या ९६ बारीक सुया आसपासच्या पेशींची कुजबुज टिपीत, आणि संगणक तिचा अर्थ लावी. नेगलने नुसते मनात आणले, की पडद्यावरची खूण सरके! त्याने पत्रे उघडली, टेलिव्हिजन चालविला, कृत्रिम हाताची मूठ उघडली, मिटली. पाट दुरुस्त झाला नव्हता. विहिरीलाच नवी नळी जोडली होती.

पण थांबा. मेंदू अशा सुयांभोवती वणाची भिंत बांधतो, आणि ऐकू येणे हळूहळू मंद होते. दुसरी अडचण माणसांची आहे. अंधांच्या डोळ्यांत विजेचे यंत्र बसविणाऱ्या एका अमेरिकन कंपनीने २०१९ साली ते बनविणे बंद केले. यंत्रे मात्र रोग्यांच्या डोळ्यांतच राहिली, आणि पुढे ती बिघडल्यावर दुरुस्त कोणी करायची, हे त्यांना कळेना.

शेतातला पंप बंद पडला, तर आपण तालुक्याहून मिस्त्री आणतो. डोक्यातल्या यंत्राचा मिस्त्री कोण? शिक्षकबंधूंनो, चिपेची करामत मुलांना जरूर सांगा. पण हा प्रश्नही त्यांच्यापुढे ठेवा. शोध लावणे हे अर्धे काम. तो जन्मभर सांभाळणे हे उरलेले अर्धे.