बाल न्यायव्यवस्थेतील पीडिताचे हक्क: एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

बाल न्यायाचा इतिहास आपण बहुधा राज्यसंस्था आणि मूल यांच्या संबंधांचा इतिहास म्हणून शिकतो. ज्याच्यावर गुन्हा घडला ती व्यक्ती त्यात कोठे होती, हा प्रश्न मागे राहतो. भिलाई ज्या दुर्ग जिल्ह्यात आहे, तेथे लागू झालेल्या कायद्यांच्या क्रमाने त्याचे उत्तर शोधू.

प्रांतिक बालकायदे

1956 पूर्वी दुर्ग आणि नागपूर एकाच प्रांतात होते व नागपूर ही राजधानी होती. 1919-20 च्या तुरुंग समितीने मुलांसाठी स्वतंत्र न्यायालये सुचवली. त्यानंतर मद्रास (1920), बंगाल (1922), मुंबई (1924) आणि मध्य प्रांत (1928) येथे बालकायदे झाले. मुलाला तुरुंगापासून दूर ठेवणे हा त्यांचा हेतू होता आणि तो योग्यच होता. पीडित मात्र फिर्यादी किंवा साक्षीदार एवढाच उरला. 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 545 नुसार भरपाई मिळे ती दंडाच्या रकमेतून. मुलाला दंड न करता सुधारशाळेत पाठवले की ती वाटही बंद होई.

एकाच दिवशीचे दोन ठराव

29 नोव्हेंबर 1985 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने लागोपाठ क्रमांकांचे दोन ठराव केले. 40/33 हे बाल न्यायाविषयीचे बीजिंग नियम. 40/34 हा गुन्ह्यांच्या पीडितांना न्याय देण्याविषयीचा जाहीरनामा. भारताने पुढच्याच वर्षी, 1986 मध्ये, जम्मू-काश्मीर वगळता देशभरासाठी बाल न्याय अधिनियम केला. पीडिताला कायद्यात व्याख्या मिळाली ती मात्र 2008 च्या दुरुस्तीने, 31 डिसेंबर 2009 पासून. याच दुरुस्तीने कलम 372 च्या परंतुकाद्वारे आरोपीच्या सुटकेविरुद्ध अपिलाचा हक्क आणि कलम 357अ नुसार राज्याची भरपाई योजना आली. आरोपी सापडला नाही तरी या योजनेखाली अर्ज करता येतो.

2015 चा अधिनियम

हे दोन प्रवाह अजून नीट मिळालेले नाहीत. 2015 च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम 101 नुसार, सोळा वर्षांवरील मुलावरील निर्घृण गुन्ह्याचा आरोप वगळता, मंडळाने निर्दोष ठरवल्यास अपील नाही. उच्च न्यायालयात पुनरीक्षण तेवढे मागता येते. जामिनाविषयीच्या कलम 12 मध्ये पीडिताला कळवण्याची तरतूद नाही. प्रौढ आरोपीच्या जामिनाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये पीडिताला प्रत्येक टप्प्यावर म्हणणे मांडण्याचा हक्क मान्य केला, हे येथे लक्षात घ्यावे.

पुण्यात 19 मे 2024 रोजी मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंते ठार झाले. अल्पवयीन चालकाला त्याच दिवशी जामीन मिळाला. 300 शब्दांचा निबंध लिहिणे ही त्याची एक अट होती. लोकक्षोभानंतर त्याला निरीक्षणगृहात ठेवण्यात आले. 25 जूनला मुंबई उच्च न्यायालयाने ते बेकायदेशीर ठरवून त्याची सुटका केली. पीडितांच्या कुटुंबांचे म्हणणे ऐकण्याची ठरलेली जागा कायद्यात नसली की ती लोकक्षोभ भरून काढतो. त्यातून ना मुलाचे संरक्षण होते, ना कुटुंबाला न्याय मिळतो.

समारोप

मुलाचे आणि पीडिताचे हक्क परस्परविरोधी नाहीत. सुनावणीची तारीख कळवणे, जामिनापूर्वी म्हणणे ऐकणे, भरपाई वेळेत देणे यांपैकी कशानेही मुलाची शिक्षा वाढत नाही. भिलाईतील कुटुंब आजही दुर्ग जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे भरपाईसाठी अर्ज करू शकते. त्यासाठी आरोपी प्रौढ असावा लागत नाही. हे त्या कुटुंबाला सांगण्याची जबाबदारी कोणाची, हे कायद्याने आता स्पष्ट करायला हवे.