परस्परावलंबी पायाभूत यंत्रणांची भेद्यता

वीज, पाणी, दूरसंचार, रेल्वे, इंधन, रुग्णालये, बँका या अत्यावश्यक यंत्रणा एकमेकींवर विसंबून असतात. त्यांतील एक बंद पडल्यास बाकीच्यांचे काय होईल, हे आधीच पडताळून पाहणे म्हणजे भेद्यतेचे मूल्यमापन. धोका आणि भेद्यता यांत फरक आहे. वादळ हा धोका. शहराच्या सर्व पाणीपंपांना एकाच उपकेंद्रातून वीज मिळणे ही भेद्यता.

प्रकार : रिनाल्डी, पीरेनबूम व केली या अमेरिकी अभ्यासकांनी २००१ मध्ये परस्परावलंबनाचे चार प्रकार सांगितले. पंपाला वीज लागते, हे भौतिक अवलंबन. वीजजाळ्याचे नियंत्रण संदेशवहनावर चालते, हे सायबर अवलंबन. एकाच पुलावरून जलवाहिनी व केबल जाणे, हे भौगोलिक. धोरण, बाजार वा माणसांचे निर्णय यांतून येते ते तार्किक. बिघाडही तीन तऱ्हेचे असतात : एकातून दुसरा उद्भवणारा साखळी बिघाड, एकामुळे दुसऱ्याची दुरुस्ती लांबते तो चिघळणारा बिघाड, आणि पुरासारख्या समान कारणाने सर्वत्र एकदम होणारा बिघाड.

पद्धती : प्रथम केंद्रे आणि त्यांना जोडणारे दुवे यांचा आराखडा मांडतात. मग एकेक घटक काढून उरलेले जाळे भार पेलते का, हे संगणकावर तपासतात. आर्थिक झळ मोजण्यासाठी अर्थशास्त्रज्ञ लिओंटिएफ यांच्या आदान-प्रदान प्रतिमानाचा आधार घेतात. वेळही महत्त्वाची असते : मोबाइल मनोऱ्याची बॅटरी व रुग्णालयाच्या जनित्राचे डिझेल संपेपर्यंत बिघाड पुढे सरकत नाही. यंत्रणा वेगवेगळ्या संस्थांच्या ताब्यात असल्याने एकत्रित माहिती मिळवणे हीच मोठी अडचण ठरते.

उदाहरणे : २८ सप्टेंबर २००३ रोजी जवळजवळ सगळा इटली अंधारात गेला. त्या घटनेच्या आधारे संशोधक बुल्डिरेव व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवले, की एकमेकांत गुंतलेली जाळी हळूहळू नव्हे, तर एका मर्यादेनंतर अचानक कोसळतात. भारतात ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर, पूर्व व ईशान्य वीजजाळी बंद पडली. ६० कोटींहून अधिक लोकांच्या प्रदेशाला त्याची झळ बसली, रेल्वेगाड्या थांबल्या आणि पश्चिम बंगालमध्ये खाणकामगार जमिनीखाली अडकले. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली, तेव्हा लोकलगाड्या जागीच थांबल्या आणि विद्यापीठाच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. बाहेरील जाळे कोसळताच शहर वेगळे काढून स्थानिक विजेवर चालवण्याची ‘आयलँडिंग’ व्यवस्था मुंबईत पूर्वीपासून होती. त्या दिवशी ती टिकली नाही.

उपाय : पर्यायी दुवे, स्वतंत्र मार्गाने नेलेल्या वाहिन्या, राखीव वीज, संस्थांच्या संयुक्त कवायती आणि पुन्हा सुरू करण्याचा ठरलेला क्रम यांनी भेद्यता कमी होते. मात्र मुख्य आणि पर्यायी वाहिनी एकाच चरातून गेल्यास पर्याय नावापुरताच राहतो. नवी जोडणी होताच जुना आराखडा अपुरा ठरत असल्याने हे मूल्यमापन ठरावीक काळाने पुन्हा करावे लागते.