भोईवाड्यातलं व्याज आणि भाकरी

मागच्या भागानंतर एका गटातल्या ताईंनी विचारलं, "माझा भाचा मुंबईला परळमध्ये पैशांच्या कंपनीत आहे. इथली आशाताई वर्षभर दारोदार फिरून जे मिळवते, ते तो महिन्यात मिळवतो. त्याचं काम खरंच एवढं मोठं आहे का?" उत्तर शोधायला आज परळलाच जाऊ.

परळ स्टेशनवरून केईएम रुग्णालयाकडे निघालं की जवळच भोईवाडा लागतो. भोई म्हणजे पालखी वाहणारे आणि मासे धरणारेही. याच परळात इंग्रज गव्हर्नरचा बंगला होता. तिथे आता हाफकिन संस्था आहे. पालखीत बसणाऱ्यांची नावं पुस्तकांत सापडतात. वाहणाऱ्यांचं उरलं ते वस्तीचं नाव.

मुंबईत पैशांवर पैसा कमावण्याची पहिली मोठी लाट 1861 ते 1865 मध्ये आली. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडला जायचा थांबला आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत रोज नव्या कंपन्या आणि बँका निघू लागल्या. समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या बॅकबे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. प्रेमचंद रायचंद हे त्या बाजाराचे राजे. 1865 मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, प्रेमचंदांचं दिवाळं निघालं आणि पुढे बँक ऑफ बॉम्बेही बुडाली. कापूस वेचणाऱ्या बायांचं नाव या गोष्टीत कुठेच येत नाही. भाव चढला तरी वेचणी, पडला तरी वेचणी.

पुढे परळ-लालबागला गिरण्या उभ्या राहिल्या. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडचे गडी कामाला आले. बायको-मुलं गावाला, आणि हे एका खोलीत दहा-पंधरा जण, पाळीपाळीनं झोपणारे. त्यांना जेवू घालायचं कोणी? खानावळवाल्या बायांनी. बहुतेक त्याच मुलखातल्या. कुणी गिरणीकामगाराची बायको, कुणी विधवा, कुणी नवऱ्यानं टाकलेली. चाळीतल्या छोट्याशा खोलीत दोन वेळचा स्वयंपाक, तोही गिरणीच्या पाळ्या सांभाळून. पहिल्या पाळीचा गडी उपाशी गेला तर मागावर उभा कसा राहणार? तरीही "ती काय काम करते?" असं विचारलं तर उत्तर यायचं, "घरीच असते, दोन गडी जेवायला असतात."

आता हिशोब बघा, आपल्याला तो चांगला कळतो. गडी पैसे द्यायचा पगार झाल्यावर. वाण्याला मात्र आधी द्यावे लागत, नाहीतर उधारीचा चढा भाव. म्हणून बाई सावकाराकडे जायची आणि मंगळसूत्र गहाण पडायचं. समजा, तिनं हजार रुपये महिना शेकडा पाचनं घेतले आणि मुद्दल फिटलंच नाही, तर वर्षाचं व्याज सहाशे. सावकाराने काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. बँक उभी करत नव्हती तेव्हा त्यानंच पैसा दिला. पण ते सहाशे रुपये तयार कुठे झाले? त्याच्या वहीत नाही, तिच्या तव्यावर. आणि स्वतःची मजुरी तिनं कधी धरलीच नाही.

हे प्रेमाताई पुरव यांनी जवळून पाहिलं. गोव्याच्या मुक्तिलढ्यातून आलेली ही बाई गिरणगावात कामगार चळवळीत होती. संप झाला की पगार बंद, पण खानावळ चालू, उधारीवर. संप टिकायचा तो या बायांच्या जिवावर, आणि मागण्यांच्या यादीत त्यांची एकही मागणी नसायची. 1975 मध्ये प्रेमाताईंनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. 1969 मध्ये बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं आणि गरिबांना वर्षाला चार टक्क्यांनी कर्ज देण्याची योजनाही आली होती. तिचा फायदा घेऊन मंडळाने या बायांना बँकेच्या दारात नेलं. आपल्याच हिशोबात घालून बघा: हजारावर वर्षाचं व्याज चाळीस. बाई तीच, तवा तोच. पाचशे साठ रुपये तिच्या हाती राहिले. त्या कर्जाचे कागद करणाऱ्या बँकेतल्या माणसाचं काम मी फुकटचं कसं म्हणू?

मग ताईंच्या भाच्याचा पगार एवढा का? आपल्याकडे पाटाच्या तोंडाशी ज्याचं शेत, त्याचा ऊस आधी भिजतो. तो शेवटच्या शेतकऱ्यापेक्षा जास्त राबतो म्हणून नाही. पैशाच्या पाटाचंही तसंच आहे. जिथून कोट्यवधी वाहतात तिथे बसलेल्याच्या ओंजळीत जास्त येतं. तो मुलगा हुशार असेल, रात्री जागत असेल. ते खोटं नाही. पण जागते तर केईएममधली नर्सही.

18 जानेवारी 1982 ला अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या बंद पडत गेल्या, गडी गावाला परतले आणि ज्यांच्या जेवणावर खानावळी चालायच्या तेच उरले नाहीत. गिरण्यांच्या जमिनींवर आता काचेच्या इमारती आहेत. भाच्याचं ऑफिस अशाच एखाद्या इमारतीत असणार.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा सरकारनं चालू ठेवायच्या कामांची यादी काढली. दवाखाने, सफाई, किराणा, दूध. आणि त्या यादीत बँका आणि एटीएमही होते. जनधन खात्यात तीन महिने पाचशे-पाचशे आले ते आठवतं ना? तेव्हा रांगेत आपल्यासमोर बसलेला होता तो खिडकीतला कारकून, मोठ्या पगाराचा साहेब नव्हे.

प्रेमाताईंची मुलगी मेधाताई पुरव-सामंत बँकेत अधिकारी होत्या. ती नोकरी सोडून त्यांनी पुण्यातल्या वस्त्यांमधल्या बायांना छोटी कर्जं द्यायचं काम हाती घेतलं. ताई, भाचा गणपतीला येईल तेव्हा त्याला विचारा, तो ज्या पैशाची देवघेव करतो तो शेवटी कुणाच्या हाती जातो आणि किती टक्क्यांनी. उत्तर आम्हाला कळवा, पुढच्या भागात वाचून दाखवू.