गोवराचं कूळ गोठ्यातलं

लाल झालेले डोळे, वाहतं नाक, मग कानामागून चेहऱ्यावर आणि तिथून अंगभर उतरणारं पुरळ. गोवर म्हटला की आज्या उशाशी कडुनिंबाचा पाला ठेवायच्या. हा आजार फक्त माणसाचा, पण त्याचं कूळ गुरांचं आहे.

गोवराचा विषाणू आणि गुरांच्या बुळकांडीचा विषाणू हे सख्खे भाऊ. दोघांचा आरएनए साधारण 15,900 अक्षरांचा. कुत्र्यांचा डिस्टेंपर आणि शेळ्यामेंढ्यांचा पीपीआर त्याच कुळातले, पण गोवराला सर्वांत जवळची बुळकांडीच.

भाऊ वेगळे कधी झाले? 1912 साली बर्लिनमध्ये गोवराने गेलेल्या दोन वर्षांच्या मुलीच्या फुप्फुसाचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये जपून ठेवला होता. त्यातल्या विषाणूचा आरएनए संशोधकांनी वाचला आणि 2020 मध्ये हिशेब मांडला: ही ताटातूट इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाइतकी जुनी असू शकते. मोठी शहरं उभी राहू लागली तो हा काळ, आणि मला यातलं हेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं. गोवर एकदा होऊन गेला की माणूस जन्मभर सुटतो. म्हणून विषाणूला सतत नवी बाळं लागतात, आणि ती पुरवायला अडीच ते पाच लाखांची वस्ती लागते.

हाच आकडा शेजारशेजारच्या तीन गावांना लावून पाहू. 2011 च्या जनगणनेत बदलापूर पावणेदोन लाखांचं, अंबरनाथ अडीच लाखांचं, उल्हासनगर पाच लाखांचं. लस नसती, तर एकट्या बदलापुरात गोवर अधूनमधून विझला असता. पण ही तिन्ही गावं एका लोकलने जोडलेली आहेत, आणि आजारी माणूस निघून गेल्यावरही बंद जागेतल्या हवेत हा विषाणू दोन तासांपर्यंत टिकतो. त्याच्या दृष्टीने ही तीन गावं नाहीतच, सव्वानऊ लाखांचं एकच शहर आहे.

बुळकांडीशी लढायला 1889 मध्ये पुण्यात प्रयोगशाळा निघाली, पुढे ती मुक्तेश्वरला गेली. लशींच्या जोरावर भारतात 1995 नंतर बुळकांडी दिसली नाही. 2011 मध्ये ती जगातूनच संपल्याचं जाहीर झालं. तिचा भाऊ मात्र 2022 मध्ये गोवंडीत आणि भिवंडीत पोरांचे जीव घेऊन गेला. गुरांसाठी जे जमलं ते लेकरांसाठी जमायलाच हवं. घरात तान्हं बाळ असेल तर लसीकरणाचं कार्ड आज काढून पाहा: पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. राहिला असेल तर जवळच्या सरकारी दवाखान्यात तो मोफत मिळतो.