करवंटीचा कोळसा

२२ एप्रिल १९१५. बेल्जियममधल्या ईप्र गावाजवळ संध्याकाळी जर्मन सैन्याने नळकांडी उघडली आणि क्लोरीनचा हिरवट-पिवळा ढग वाऱ्याबरोबर फ्रेंच खंदकांकडे सरकू लागला. यावर दोस्तांनी घाईघाईने काढलेला उपाय म्हणजे नाकातोंडावर बांधायचे कापसाचे बोळे. पुढे ते हायपोत, म्हणजे फोटोग्राफर वापरत त्या क्षारात, भिजवून देऊ लागले. क्लोरीनपुरते ते ठीक होते. पण डिसेंबरात फॉस्जीन आला आणि त्याच्यापुढे हायपोचे काही चालेना. शत्रू उद्या कोणता वायू सोडील, कोणी सांगावे?

रशियात निकोलाय झेलिन्स्की यांनी त्याच वर्षी निराळी वाट धरली. वायूचे नाव-गाव न विचारता त्याला अडकवून ठेवील असा पदार्थ त्यांना हवा होता. तो आपल्या चुलीतलाच निघाला : कोळसा!

कोळसा वायू गिळतो हे १७७७ मध्ये फाँताना या इटालियन शास्त्रज्ञाने दाखवले होते. ‘गिळतो’ हा शब्द मात्र फसवा. पाणी स्पंजात मुरते तसा वायू इथे मुरत नाही, तो पृष्ठभागाला चिकटतो. म्हणून १८८१ मध्ये हाइनरिख कायझर यांनी या क्रियेला वेगळे नाव दिले. मराठीत आपण तिला अधिशोषण म्हणतो. आता चिमूटभर कोळशाला पृष्ठभाग तो केवढा असणार? पण वाफेत तापवून छिद्रे मोकळी केलेल्या चांगल्या कोळशाच्या एका ग्रॅमात तो सुमारे १००० चौरस मीटर भरतो. म्हणजे जवळजवळ दहा गुंठे!

लाकडापेक्षा नारळाच्या करवंटीचा कोळसा सरस ठरला, कारण तो टणक आणि त्याची छिद्रे अतिबारीक. इतक्या अरुंद फटीत रेणूला दोन्ही बाजूंच्या भिंती ओढतात. अमेरिकेत करवंट्या पुरेनात, तेव्हा १९१८ मध्ये पीचच्या कोयी घरोघरी गोळा करण्याची मोहीम निघाली. एका मुखवट्याला सुमारे २०० कोयी लागतात, असे लोकांना सांगितले जाई.

तरी एक वायू निसटत होताच. जो वायू सहज द्रवरूप होतो, तो कोळशाला सहज चिकटतो. फॉस्जीन ८ अंश सेल्सिअसलाच द्रवरूप होतो, तर कार्बन मोनॉक्साइडला त्यासाठी उणे १९१ अंशांपर्यंत थंड करावे लागते. त्यामुळे सुरुंग उडाल्यावर भुयारात साचलेल्या त्या रंगहीन, वासहीन वायूपुढे मुखवटा बांधलेला सैनिकही निराधारच असे.

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)